प्रमुख घटक विश्लेषणातील अधिक-उणे : एकाच माहितीची दोन उत्तरे का येतात?

एकाच सर्वेक्षणाची माहिती दोन कार्यालयांत दोन निरनिराळ्या संगणक-आज्ञावल्यांना दिली असता, एका तक्त्यात जेथे जेथे अधिक चिन्ह आहे तेथे तेथे दुसऱ्या तक्त्यात उणे चिन्ह यावे, आणि चिन्हे सोडून बाकीचे सारे आकडे मात्र दशांशचिन्हापुढील चौथ्या स्थळापर्यंत तंतोतंत जुळावेत, हा अनुभव आता दुर्मिळ राहिलेला नाही. प्रमुख घटक विश्लेषण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सांख्यिकी रीतीच्या बाबतीत तो वारंवार येतो. अशा वेळी पहिली शंका घेतली जाते ती माहिती भरणाऱ्या लिपिकाची, दुसरी संगणकाची आणि तिसरी खुद्द रीतीची. या तिन्ही शंका बहुधा निराधार ठरतात. तथापि 'चिन्हाला काही अर्थ नाही' असे म्हणून विषय सोडून देणेही इष्ट नाही. याच चिन्हाच्या आधारे गावांची अथवा कुटुंबांची यादी वरपासून खालपर्यंत लावली जाते. ती यादी नकळत उलटी लागली तर गावातील सर्वांत संपन्न घर सर्वांत गरीब म्हणून नोंदले जाईल आणि ज्याच्यासाठी योजना आखली तो माणूस यादीच्या दुसऱ्या टोकाला राहील.

प्रथम ही रीत कशासाठी आहे ते थोडक्यात पाहू. एखाद्या गोष्टीची मोजमापे पुष्कळ असतात. कुटुंबाच्या सुस्थितीचे मोजमाप करावयाचे तर घराच्या भिंती, छप्पर, शौचालय, पिण्याच्या पाण्याची सोय, वीज, सायकल, मोटारसायकल, दूरचित्रवाणी, स्वयंपाकाचे इंधन अशा पंचवीस-तीस बाबी विचाराव्या लागतात. या बाबी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. पक्के घर असलेल्याकडे बहुधा वीज असते, वीज असलेल्याकडे पंखा असतो. म्हणजेच पंचवीस स्तंभांतून वस्तुतः एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जात असते. ती एक गोष्ट वेगळी काढून एकाच अंकात मांडणे, हे या रीतीचे काम. निरनिराळ्या गावांत वा कुटुंबांत आढळणारा जो फरक, ज्याला सांख्यिकीत प्रचरण म्हणतात, त्याचा जास्तीत जास्त भाग ज्या एका दिशेने सामावला जातो ती दिशा म्हणजे पहिला प्रमुख घटक. उरलेल्या फरकाचा जास्तीत जास्त भाग घेणारी, पहिलीशी काटकोनात असलेली दिशा म्हणजे दुसरा घटक, याप्रमाणे पुढे. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली बिंदूंच्या पुंजक्याला सर्वांत जवळून जाणारी रेषा शोधण्याच्या निमित्ताने ही कल्पना मांडली, आणि हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ साली तिला आजचे रूप व नाव दिले. आपल्याकडे प्राध्यापक सी. आर. राव यांनी १९६४ साली 'संख्या' या नियतकालिकातून तिच्या उपयोगाची व अर्थ लावण्याच्या पद्धतीची सविस्तर चर्चा केली होती.

वरील वर्णनात 'दिशा' हा शब्द आला आहे आणि सारा घोटाळा त्या शब्दात आहे. गणिताला खरोखर सापडते ती दिशा नसून रेषा असते. रेषेला दोन टोके असतात; त्यांपैकी पुढचे कोणते व मागचे कोणते, हे रेषा सांगत नाही.

बऱ्हाणपूर शहरालगत राजघाटावरून तापी वाहते. मध्य प्रदेशात तिला ताप्ती म्हणतात. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून, ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून ती सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. बऱ्हाणपूर सोडल्यावर महाराष्ट्रात चांगदेवजवळ तिला पूर्णा येऊन मिळते. आता राजघाटाजवळ नदीच्या पात्राची दिशा कोणती, असे एखाद्याने विचारले, तर मुलताईकडे बोट दाखविणारा आणि चांगदेवाकडे बोट दाखविणारा, दोघेही पात्राचीच रेषा दाखवीत असतात. चांगदेवाकडे तोंड करून उभे राहिले तर बऱ्हाणपूर शहर उजव्या हाताला व पलीकडचे जैनाबाद डाव्या हाताला येते; मुलताईकडे तोंड केले की तेच शहर डाव्या हाताला जाते. नदी हललेली नसते, शहरही हललेले नसते. पाटबंधारे खात्याच्या कागदोपत्री मात्र या बाबतीत कधी वाद होत नाही. कारण प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावा-उजवा तीर ठरवावयाचा, असा संकेत फार पूर्वीच ठरलेला आहे. धरणाचा 'उजवा कालवा' म्हटला की तो कोणत्या बाजूचा, हे शेतकऱ्यालाही विचारावे लागत नाही. पाण्याला वाहण्याची दिशा आहे म्हणून हा संकेत सहज ठरला. प्रमुख घटकाच्या रेषेत काहीही वाहत नसते. तेथे संकेत आपण ठरवावयाचा असतो, आणि तो कोणी ठरविला नाही तर संगणक कोणत्या तरी एका बाजूला तोंड करून उभा राहतो.

हे पाटीवरच्या लहानशा गणिताने अधिक स्पष्ट होईल. उच्च माध्यमिक वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांनी ते अवश्य फळ्यावर करून पाहावे. समजा, राजघाटावर वर्षभर नदीच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यांची विद्युत वाहकता व कठीणपणा मोजला. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला की पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढते व ही दोन्ही मापे बरोबरच चढतात. पावसाळ्यातील पुराने पाणी विरळ झाले की दोन्ही उतरतात. प्रत्येक मापातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागले म्हणजे दोन्ही मापे एका पट्टीवर येतात. त्यांच्यातील सहसंबंध ०.६ आहे असे धरू. (हे व पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.) मग सहसंबंधांची सारणी अशी : पहिल्या ओळीत १ व ०.६, दुसऱ्या ओळीत ०.६ व १.

या सारणीने ज्या सदिशाला गुणले असता त्याची रेषा बदलत नाही, केवळ लांबी बदलते, त्याला आयगेन सदिश म्हणतात. आणि लांबी जितक्या पटीने बदलते ती पट म्हणजे आयगेन मूल्य. येथे पहिला आयगेन सदिश (०.७०७, ०.७०७) हा असून त्याचे मूल्य १.६ आहे. दुसरा (०.७०७, −०.७०७) व त्याचे मूल्य ०.४. एकूण प्रचरण २, त्यातील १.६ म्हणजे ८० टक्के पहिल्या घटकात व २० टक्के दुसऱ्यात. सदिशातील या अंकांना भारांक म्हणू.

आता पहिला सदिश (०.७०७, ०.७०७) ऐवजी (−०.७०७, −०.७०७) असा घेऊन गुणाकार करावा. रेषा तीच राहते, पट तीच १.६ येते, सदिशाची लांबी तीच १ भरते. व्याख्येतील एकही अट मोडत नाही. म्हणजे व्याख्येप्रमाणे ही दोन्ही उत्तरे सारखीच बरोबर आहेत आणि त्यांतून एक निवडण्याचा आधार व्याख्येत नाही. प्रत्येक घटकाच्या बाबतीत ही मोकळीक स्वतंत्रपणे असते. दोन घटक असतील तर चार, पाच असतील तर बत्तीस तक्ते संभवतात आणि बत्तीसही निर्दोष असतात.

समजा, एका दिवसाच्या नमुन्याची वाहकता (प्रमाणित) १.० व कठीणपणा ०.६ आहे. पहिल्या घटकावर त्याचा प्राप्तांक ०.७०७ × (१.० + ०.६) म्हणजे १.१३१ येतो, दुसऱ्यावर ०.७०७ × (१.० − ०.६) म्हणजे ०.२८३. प्राप्तांकाला भारांकांनी गुणून मूळ मापे परत मिळतात का ते पाहू. पहिल्या घटकातून (०.८, ०.८), दुसऱ्यातून (०.२, −०.२), बेरीज (१.०, ०.६). मूळ नमुना जसाच्या तसा परत आला. आता पहिल्या घटकाचे भारांक उणे करावेत. प्राप्तांक −१.१३१ होतो. त्याला −०.७०७ ने गुणले की पुन्हा ०.८ च मिळते, कारण उणे गुणिले उणे अधिक. भारांक व प्राप्तांक दोन्ही एकाच वेळी उलटले तर माहितीचा कणही बदलत नाही, याचे मर्म एवढेच आहे. आणि याचमुळे दोहोंपैकी एकच उलटणे ही मात्र खरीखुरी चूक होय. अहवालात भारांकांचा तक्ता एका आज्ञावलीचा व प्राप्तांकांची यादी दुसरीची, असा प्रकार झाला तर वाचणारा तक्ता पाहून एक अर्थ लावील व यादी नेमकी त्याच्या विरुद्ध सांगेल.

संगणक नेमका कोणत्या क्षणी एक बाजू निवडतो, हेही याच सारणीवरून पाहता येते. हॉटेलिंग यांच्या काळची हाताने करण्याची रीत अशी की, कोणताही एक सदिश घ्यावा, त्याला सारणीने गुणावे, आलेल्या उत्तरास पुन्हा गुणावे, आणि दोन अंकांचे प्रमाण स्थिर होईपर्यंत हे चालू ठेवावे. (१, ०) पासून आरंभ केला तर पहिल्या खेपेस (१, ०.६), दुसऱ्या खेपेस (१.३६, १.२), तिसऱ्या खेपेस (२.०८, २.०१६) असे येते. दोन्ही अंक झपाट्याने सारखे होत जातात व ते अधिक चिन्हाचे असतात. आरंभ (−१, ०) पासून केला तर हेच अंक उणे चिन्हाने येतात. म्हणजे अखेरचे चिन्ह आरंभीच ठरून गेले. आजच्या आज्ञावल्या याहून जलद व अचूक रीती वापरतात, परंतु त्यांतही मधल्या पायऱ्यांवर सदिशांचे परावर्तन करावे लागते आणि तेथे चिन्ह असे निवडले जाते की दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी होऊन अचूकता घटू नये. ती निवड गणनेच्या सोयीची असते. पाण्याच्या कठीणपणाशी तिचा काही संबंध नसतो. स्तंभांचा क्रम बदलला, संगणकातील गणितीय संचाची आवृत्ती बदलली, तरीही शेवटचे चिन्ह बदलू शकते.

प्रचलित आज्ञावल्यांची वागणूक या बाबतीत सारखी नाही. 'आर' या मुक्त आज्ञावलीत या कामासाठी दोन आज्ञा आहेत. त्यांपैकी 'पीआरकॉम्प' हिच्या माहितीपत्रकातच असे नमूद केलेले आहे की चिन्हे स्वेच्छ आहेत, निरनिराळ्या आज्ञावल्यांत ती वेगळी येतील आणि 'आर'च्याच दोन बांधण्यांतही वेगळी येऊ शकतील. दुसरी आज्ञा 'प्रिनकॉम्प'. तिच्या अलीकडील आवृत्त्यांत प्रत्येक घटकाचा पहिला भारांक उणे येऊ नये अशी व्यवस्था आपोआप होते. 'मॅटलॅब'मध्ये संकेत निराळा आहे : ज्या भारांकाचे मूल्य चिन्ह सोडून सर्वांत मोठे, तो अधिक ठेवला जातो. पायथन भाषेतील 'सायकिट-लर्न' या संचातही उत्तर दर वेळी तेच यावे म्हणून चिन्ह स्थिर करण्याची एक पायरी घातलेली आहे. हे सारे संकेत उपयुक्त आहेत यात शंका नाही. त्यांमुळे एकच माणूस एकच आज्ञावली पुन्हा चालवील तेव्हा गोंधळत नाही. परंतु यांपैकी एकाही संकेताला स्तंभाचा अर्थ ठाऊक नसतो. कुटुंबांच्या माहितीचे स्तंभ अकारविल्हे लावले आणि 'कच्चे घर' हा स्तंभ पहिला आला, तर 'पहिला भारांक अधिक' या नियमाने कच्च्या घराला अधिक चिन्ह मिळेल आणि सुस्थितीचा म्हणून काढलेला निर्देशांक वस्तुतः दारिद्र्याचा निर्देशांक होऊन बसेल. आज्ञावलीने तिचा नियम काटेकोरपणे पाळलेला असेल, एवढेच.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. १९५६ साली मुंबईत स्थापन झालेली आणि आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने देवनार येथे कार्य करीत असलेली संस्था या सर्वेक्षणाची मध्यवर्ती संस्था आहे. पहिली फेरी १९९२-९३ साली झाली. त्या फेरीत कुटुंबाचा खर्च वा उत्पन्न विचारलेले नव्हते. घर कसे आहे व घरात कोणत्या वस्तू आहेत एवढे विचारलेले होते. डिऑन फिल्मर व लँट प्रिचेट या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याच माहितीवर प्रमुख घटक विश्लेषण करून पहिल्या घटकास कुटुंबाच्या संपत्तीचा निर्देशांक मानले आणि भारतातील राज्याराज्यांत मुलांच्या शाळाप्रवेशाशी त्याचा संबंध कसा आहे ते दाखविले. त्यांचा हा लेख २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे जगातील अनेक देशांच्या अशाच सर्वेक्षणांत ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे २००५-०६, २०१५-१६ व २०१९-२१ या फेऱ्यांच्या अहवालांत लसीकरण, कुपोषण, बाळंतपणातील सोयी इत्यादींचे आकडे संपत्तीच्या पाच पंचमांशांनुसार दिलेले आढळतात. अगदी खालच्या पंचमांशात बालकांची स्थिती काय व वरच्यात काय, हे शिक्षक व आरोग्य कर्मचारी त्या तक्त्यांवरून वाचतात.

या निर्देशांकात पहिल्या घटकाचे चिन्ह उलटले तर पंचमांशांची नावेच उलटतात. राष्ट्रीय पातळीवर हे घडणे कठीण. कारण तेथे अनेक तज्ज्ञांचे डोळे त्या आकड्यांवरून फिरतात, आणि गरिबांची मुले श्रीमंतांच्या मुलांपेक्षा धष्टपुष्ट दिसू लागली की ती विसंगती तत्काळ लक्षात येते. धोका आहे तो तालुक्याच्या पातळीवर. तेथे एखादा होतकरू कर्मचारी शंभर-दीडशे गावांची माहिती घेऊन स्वतःच विश्लेषण करतो, निर्देशांकाच्या उतरत्या क्रमाने यादी लावतो आणि तळची वीस टक्के गावे 'मागास' म्हणून निवडतो. गावांची नावे माहितीच्या ठिकाणी सांकेतिक क्रमांकांनी दिलेली असतात, त्यामुळे वाचून संशय यावा असे काही नसते. यादी पुढे जाते, मंजूर होते, आणि पाणीपुरवठ्याची जोडणी जेथे आधीच आहे तेथेच दुसरी जाते. गणितात एकही चूक नसताना हे घडू शकते.

दिशेचा उच्चार स्पष्टपणे केला म्हणजे किती सोय होते, याचे एक चांगले उदाहरण डॉ. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१३ सालच्या अहवालात आहे. राज्यांच्या स्थितीचा जो निर्देशांक त्या समितीने काढला, त्याचे नावच 'अविकसिततेचा निर्देशांक' असे ठेवले. अंक मोठा म्हणजे राज्य अधिक मागे. ओडिशाचा अंक सुमारे ०.८० व गोव्याचा सुमारे ०.०५ आहे, निर्देशांकाचे नाव वाचल्यावर यातील कोणता अंक चांगला, हे विचारण्याची गरज उरत नाही. याउलट अनेक अहवालांत केवळ 'संयुक्त निर्देशांक' वा 'घटक १' एवढेच लिहिलेले असते. असे नाव म्हणजे पाटी नसलेला कालवा होय.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. संपूर्ण घटकाचे चिन्ह स्वेच्छ आहे, याचा अर्थ घटकातील चिन्हांना मुळीच अर्थ नाही असा नव्हे. राजघाटाच्या उदाहरणात पाण्याचा गढूळपणा हे तिसरे माप घेतले तर पुराच्या दिवसांत तो वाढेल व त्याच दिवसांत वाहकता उतरेल. म्हणून पहिल्या घटकात या दोहोंची चिन्हे परस्परविरुद्ध येण्याची अपेक्षा आहे. कोणतीही आज्ञावली वापरली तरी वाहकता अधिक व गढूळपणा उणे, किंवा वाहकता उणे व गढूळपणा अधिक, यांपैकी एक येईल. दोघांचे एकच चिन्ह एका यंत्रावर व विरुद्ध चिन्हे दुसऱ्यावर, असे होणार नाही. एका घटकाच्या पोटातील हा परस्परसंबंध माहितीतून आलेला असतो व तो खरा असतो. कुटुंबांच्या निर्देशांकातही शेतजमीन व गुरे यांचा भारांक खेड्यातील माहितीत पक्क्या घराच्या बाजूस, तर शहरातील माहितीत त्याच्या विरुद्ध बाजूस पडू शकतो. तेथे चिन्हातील फरक हा जीवनपद्धतीतील फरक आहे आणि तो पुसून टाकणे म्हणजे माहितीच पुसणे होय. तेव्हा दोन तक्ते शेजारी ठेवून पाहावे ते हे की, एका स्तंभातील सगळीच चिन्हे एकजात उलटली आहेत काय. एकजात उलटली असतील तर चिंता नाही. काही उलटली व काही तशीच राहिली, तर मात्र खरा फरक आहे आणि त्याचा शोध घेतला पाहिजे.

असे खरे फरक कोठून येतात? बहुतेकदा आज्ञावल्यांच्या न सांगितलेल्या सवयींतून. 'पीआरकॉम्प' ही आज्ञा वेगळे सांगितल्याशिवाय मापे एका पट्टीवर आणीत नाही, सहप्रचरणांवर काम करते. 'स्टाटा' व 'एसपीएसएस' यांची नेहमीची रीत सहसंबंधांवर काम करण्याची. हेक्टरात मोजलेली जमीन आणि रुपयांत मोजलेली मजुरी एकत्र असतील तर या दोन रीतींची उत्तरे अगदी निराळी येतात. 'एसपीएसएस' भारांकांना आयगेन मूल्याच्या वर्गमुळाने गुणून दाखविते. त्यामुळे वरील गणितातील ०.७०७ तेथे ०.८९४ असा दिसेल. 'प्रिनकॉम्प' प्रचरण काढताना नमुन्यांच्या संख्येने भागते, 'पीआरकॉम्प' त्याहून एकने कमी संख्येने. कोणी अक्षांचे परिभ्रमण केलेले असते. कोणी अपुऱ्या नोंदी गाळलेल्या असतात, कोणी तेथे सरासरी भरलेली असते. हे सर्व फरक अहवालात एका ओळीत लिहिण्याजोगे आहेत, पण ती ओळ सहसा लिहिली जात नाही.

दोन घटकांची आयगेन मूल्ये जवळजवळ सारखी असतील तर आणखी वेगळा प्रसंग उद्भवतो. वरील उदाहरणात सहसंबंध ०.६ ऐवजी शून्य असता तर दोन्ही मूल्ये १ आली असती आणि कागदाच्या पाठीवरील कोणतीही काटकोनातील जोडी उत्तर म्हणून चालली असती. तेथे चिन्हच काय, रेषासुद्धा ठरत नाही. अशा घटकाला नाव देऊन त्यावर निष्कर्ष उभारू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

चिन्ह उलटल्याने काय बदलत नाही, हे सांगणे तितकेच आवश्यक. प्रत्येक घटकात सामावलेल्या प्रचरणाची टक्केवारी बदलत नाही. दोन गावांच्या प्राप्तांकांतील अंतर बदलत नाही, म्हणून त्यांवरून पाडलेले गट तेच राहतात. प्राप्तांकांच्या आधारे एखादे अनुमान वर्तविले असेल तर समीकरणातील सहगुणकाचे चिन्ह उलटते, पण वर्तविलेला आकडा तोच येतो. बदलतो तो क्रम, आलेखाची डावी-उजवी बाजू आणि वाचणाऱ्याने लावलेला अर्थ.

हवामानशास्त्रज्ञांना या गोष्टीची सवय फार पूर्वीपासून आहे. पर्जन्यमानाच्या अभ्यासात हीच रीत वेगळ्या नावाने वापरली जाते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९५६ साली तिचा पाठपुरावा केला आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेसारख्या ठिकाणी मोसमी पावसाच्या अभ्यासात ती नित्य उपयोगात आहे. तेथे प्रत्येक घटकाचा एक नकाशा व एक कालमालिका असते. नकाशावर मध्य भारतावर अधिक चिन्ह आहे एवढ्यावरून तेथे पाऊस जास्त असे कोणी म्हणत नाही; त्या वर्षाचा कालमालिकेतील अंक अधिक की उणे हे पाहून, दोहोंचा गुणाकार करूनच वाचन केले जाते. ग्रामीण निर्देशांकांच्या वाचनातही हीच शिस्त बाणली पाहिजे.

व्यवहारात करावयाचे काम अवघड नाही. विश्लेषणापूर्वीच एक खुणेचे माप निश्चित करावे, ज्याची दिशा सर्वांना निर्विवाद मान्य आहे : कुटुंबांसाठी पक्के घर, नदीच्या पाण्यासाठी वाहकता. त्या मापाचा भारांक उणे आला तर त्या घटकाचे सर्व भारांक व सर्व प्राप्तांक −१ ने गुणावेत. खुणेचे माप असे निवडावे की त्याचा भारांक शून्याच्या जवळपास नसेल. अन्यथा माहितीतील किरकोळ बदलानेही खूण इकडची तिकडे होईल आणि खुणेचा उपयोगच राहणार नाही. त्यानंतर दोन-चार परिचित कुटुंबांचे वा गावांचे प्राप्तांक काढून पाहावेत. ग्रामसेवकाला, तलाठ्याला अथवा शाळेच्या मुख्याध्यापकाला ही परीक्षा संगणकाशिवाय करता येते : ज्या घराची स्थिती सारा गाव जाणतो, ते यादीच्या अपेक्षित टोकास आहे की नाही एवढेच पाहावयाचे.

मागील फेरीशी तुलना करावयाची असेल तर नव्या भारांकांचा जुन्या भारांकांशी ओळीओळीने गुणाकार करून बेरीज घ्यावी. बेरीज उणे आली की नवा घटक उलटावा. नमुने पुनःपुन्हा निवडून भारांकांची स्थिरता तपासणारे संशोधक ही दक्षता घेत नाहीत तेव्हा निम्म्या वेळी ०.७ व निम्म्या वेळी −०.७ आलेल्या भारांकाची सरासरी शून्य भरते आणि अत्यंत भक्कम माप निरुपयोगी म्हणून वगळले जाते.

काही कार्यालयांत अशी भीती व्यक्त केली जाते की संगणकाने दिलेले चिन्ह हाताने बदलणे म्हणजे आकड्यांत फेरफार करणे होय व लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येईल. ही भीती अनाठायी आहे. संगणकाने दिलेले चिन्ह हेही कोणीतरी, आपल्याला न विचारता, केलेल्या निवडीचेच फळ असते. आक्षेपार्ह ठरेल ते न लिहिता बदलणे. टिपणीत पुढीलप्रमाणे दोन ओळी पुरेशा आहेत : 'पहिल्या घटकाची दिशा "पक्के घर" या बाबीचा भारांक अधिक राहील अशी ठेवली आहे, प्राप्तांक जितका मोठा तितकी कुटुंबाची स्थिती चांगली. विश्लेषण सहसंबंधांच्या सारणीवर केले असून आज्ञावलीचे नाव व आवृत्ती सोबतच्या विवरणपत्रात दिली आहे.' ज्या जुन्या अहवालांत अशी टिपणी नाही, त्यांतील निर्देशांक वापरण्यापूर्वी भारांकांचा तक्ता काढून पक्के घर, वीज अथवा शौचालय यांच्यासमोरील चिन्ह पाहावे. आणि भारांकांचा तक्ताच छापलेला नसेल तर मूळ माहितीतील वरच्या व खालच्या पाच-पाच नोंदी मागवून घ्याव्यात.